पुजलेल्या टेपा

माझ्या भावाला कारखान्यातून काढलं तेव्हा कारण सांगितलं, की त्याला टेपा नीट सांभाळता आल्या नाहीत. हे आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्या माणसानं स्वतःची तब्येत सांभाळली नाही, पैसा सांभाळला नाही, लग्नाचं वय सांभाळलं नाही, फक्त आणि फक्त टेपा सांभाळल्या, त्याला हे ऐकवलं.

धोंडीराम त्याचं नाव, मी दादा म्हणते. आमचं घर पेठ वडगावात. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि पोरं शिकली पाहिजेत हा एकच हट्ट धरला. दादा कोल्हापुरात बी.कॉम. झाला, मी मराठी शाळेत शिक्षिका. पुढे दादा शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, हजेरी मांडायच्या कामाला लागला. फौंड्रीचं नाव घेत नाही. घेतलं तर माझीच जीभ विटाळेल.

पंच्याऐंशीच्या सुमाराला मालक सयाजीरावांनी कॉम्प्युटर आणला. साऱ्या कारखान्यात वाळू आणि काजळी, पण त्या एका खोलीला एसी, काचेचं दार, आणि आत जायचं तर चपला बाहेर. कामगार त्या खोलीला देव्हारा म्हणायचे. तिथले साहेब यज्ञेश्वर टेंबे, पुण्याला शिकलेले. त्यांनी दादाला हाताशी घेतलं आणि टेपांचं काम शिकवलं. मालाच्या ऑर्डरी, कामगारांची हजेरी, भंगाराचा साठा, जे काही कॉम्प्युटरमध्ये असेल त्याची नक्कल रोज संध्याकाळी टेपवर उतरवायची. यंत्र बिघडलं तर तीच नक्कल उपयोगी. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटची थोरली बहीण, चांगली जाडजूड, तळाला ॲल्युमिनियमचा पत्रा.

तिचे लाड काय सांगू! ती आडवी ठेवायची नाही, पुस्तकासारखी उभी. झाकण सरकवून आतल्या फितीला बोट लावायचं नाही. उन्हातून आणली तर तशीच यंत्रात घालायची नाही, आधी खोलीचा गारवा तिच्या अंगात मुरू द्यायचा. बरेच दिवस पडून राहिली तर एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून आणायची, म्हणजे फीत सैल पडत नाही. आणि चुंबकाच्या वाऱ्याला उभं करायचं नाही. चुंबक जवळ आलं की टेप कोरी. दादा हे सगळं जेवताना आईला ऐकवायचा. आमची आई तानूबाई एकदा म्हणाली, "लगीन कर बाबा आता. न्हाईतर बायकूला बी कपाटात उभी ठिवशील."

"कायम झालो की करतो," दादा म्हणायचा. एवढी वर्षं झाली तरी तो टेंपररीच होता. दिवाळीनंतर कायम करतो, असा मालकांनी शब्द दिला होता. मुलगीही बघून ठेवली होती, तिच्या घरचेही त्या शब्दावर थांबले होते. सगळं त्या एका शब्दावर टांगलेलं.

टेपांचे संच दोन. एक कारखान्यातल्या कपाटात, दुसरा कारखान्याबाहेर, कारण उद्या आग लागली तर दोन्ही जळायला नकोत. हा दुसरा संच मालकांच्या वडगावच्या अडत दुकानात असे. शनिवारी दादा ताज्या टेपा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन एस्टीनं यायचा आणि जुन्या टेपा सोमवारी घेऊन जायचा. पिशवी सीटखाली ठेवा म्हणणाऱ्या कंडक्टरशी त्याचं एकदा भांडण झालं होतं. असला माणूस!

सत्त्याऐंशी साली खंडेनवमीच्या आधी कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली. नवी डिस्क घेऊन पुण्याचा इंजिनिअर दसऱ्यानंतर येणार होता. तोवर कारखान्याचा सगळा कारभार त्या टेपांत, दुसरीकडे कुठंच नाही. दादाला त्या दिवसांत जेवण जात नव्हतं.

नेमकं त्याच वर्षी फौंड्रीत भंगार उचलायचं मोठं विजेचं चुंबक आलं होतं. क्रेनला टांगलेलं, जात्यासारखं गोल, पण जातं आपल्या घरात मावतं, हे मावलं नसतं. त्या कारखान्याची रीत अशी, की खंडेनवमीला वर्षातलं जे नवं यंत्र असेल त्याच्यापुढे सगळ्या खात्यांनी आपापली हत्यारं आणून मांडायची आणि एकत्र पूजा करायची. मालकांच्या आई, माई, पूजेच्या सर्वेसर्वा. माईंनी फर्मान काढलं, औंदा कॉम्प्युटर खात्याची बी हत्यारं पायजेत. यंत्र तर हलवता येत नव्हतं. मग टेंबेसाहेबांनी टेपा सुचवल्या. "मग समद्या आणा," माई म्हणाल्या. "वडगावातल्या बी. अर्धी हत्यारं पुजत न्हाईत, उरलेली रुसत्यात." आणि दुसरा संच मालकांच्या जीपमधून आला.

दादा टेंबेसाहेबांकडे गेला. "साहेब, तुमीच शिकवलंय. चुंबकाखाली टेपा न्यायच्या न्हाईत."

"अरे, ते विजेचं चुंबक आहे," साहेब म्हणाले. "बंद असताना नुसता लोखंडाचा गोळा. पूजा झाली की खटका दाबायच्या आत तू तुझ्या टेपा उचल, म्हणजे झालं."

बोलणं चुकीचं नव्हतं. म्हणून दादानं कपाटाची किल्ली दिली.

पूजेला घरची माणसं बोलावायची पद्धत होती, म्हणून मीही गेले होते. क्रेन चालवणाऱ्या गुंडूनं ते चुंबक एका लाकडी टेबलावर वीतभर अंतरापर्यंत खाली आणलं होतं. टेबलावर नट आवळायचे पाने, हातोडे, कानशी, मापाची पट्टी, आणि मधोमध टेपा. चक्क आडव्या, एकावर एक रचून, वर कुंकवाची बोटं आणि झेंडूची फुलं. दादाचा चेहरा मला बघवेना. त्याची नजर फक्त खटक्यावर.

आरती झाली. नारळ फुटला. आता पहिल्यांदा यंत्र चालू करायचं, म्हणून सगळे पुढं सरकले. दादाही सरकला आणि टेपांकडे हात नेला.

"हां हां!" माई ओरडल्या. "पुजलेलं हलवायचं नसतंय. दसऱ्याशिवाय हात न्हाई लावायचा."

"माई, टेपा तेवढ्या घेतो. त्या चुंबकानं पुसत्यात."

"तुमच्यात पूजा न्हाई, ठाव हाय आमाला," माई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, अगदी समजुतीनं म्हणाल्या. "पर आमची तरी मोडू नगा."

सगळा कारखाना ऐकत होता. दादाचा हात तसाच टेबलावर. त्यानं टेंबेसाहेबांकडे बघितलं. साहेब हात जोडून, डोळे मिटून उभे होते. आरती संपून गेली होती, तरी या गृहस्थांचे डोळे मिटलेलेच! मला वाटलं जाऊन गदागदा हलवावं. मालकांनी दादाचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं आणि गुंडूला मान हलवून खूण केली.

खटका पडला. टेबलावरची सगळी हत्यारं खणकन उडून वर चिकटली, चिकटलेल्या हातोड्यांबरोबर झेंडूची फुलंही वर गेली. पोरं किंचाळली, बायामाणसांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावर खाली राहिल्या त्या एकट्या टेपा. बाहेरून काही झालेलं दिसत नव्हतं. दादा तिथंच मटकन खाली बसला, आणि लोकांना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली.

दसऱ्यानंतर इंजिनिअर आला. नवी डिस्क बसवली, एकेक टेप घातली. सगळ्या कोऱ्या. मग चौकशी झाली. आता चुंबकानं टेपा पुसल्या म्हणावं, तर पूजेनं कारखाना बुडवला असं होतं. माईंच्या पूजेला असा डाग लावायची कुणाची छाती? मग उरला कोण? किल्ली कुणाकडं असायची? धोंडीरामकडं. टेपा ठेवायचा कोण? धोंडीराम. टेंबेसाहेबांनी सांगितलं, "साठवण नीट नसेल तर टेप आपोआप खराब होते." हेही शास्त्राला धरूनच हो! आणि कामगारांत कुजबुज निघाली, की पूजेचा राग धरून त्यानंच काहीतरी केलं असणार. दिवाळीआधीच दादा घरी बसला. मुलीकडच्यांनी दुसरीकडं जमवलं.

दादा कबनूरला एका यंत्रमागाच्या शेडमध्ये कामाला लागला. मी चिडायची, शिव्या द्यायची, आणि हा उलट त्यांचीच बाजू घ्यायचा. "त्यांस्नी काय ठाव गं? माझ्याबिगर कुणी सांगितलंच न्हाई. कळलं असतं तर बलावलं असतं मला. कळंल कवातरी." साहेबांचंही तेच, "त्येंला वाटलं आसंल, खरंच माझंच कायतरी चुकलं." एवढा शिकलेला माणूस, आणि ही समजूत पोटाशी धरून बसला होता. कधी कोल्हापूरला जायचं झालं, की एस्टीच्या त्याच गाडीनं शिरोलीवरून जाताना तो खिडकीतून कारखान्याच्या फाटकाकडं बघायचा. कुणी हाक मारेल म्हणून बघायचा, मला ठाऊक आहे.

पुढच्या दसऱ्याला आम्ही विहारातून घरी आलो, तर दारात गुंडू. आपट्याचं सोनं घेऊन आलेला. चहा झाला. गुंडूचं लक्ष धड नव्हतं.

"औंदा नवं यंत्र न्हाई आलं, म्हणून पूजा तितंच चुंबकाखाली झाली," तो म्हणाला. "टेपा बी मांडल्या हुत्या. आरती झाल्यावर माईच म्हणाल्या, आदी त्या टेपा उचला, मग खटका दाबा. टेंबेसायबांनी सोत्ता उचलल्या."

"पुजलेल्या?" मी विचारलं.

"पुजलेल्याच की."

दादाचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "म्हंजे कळलं म्हणायचं त्यांस्नी," तो म्हणाला. "उशिरा का हुईना, औंदा कळलं."

गुंडू हातातलं सोनं चाळवत राहिला. मग म्हणाला, "औंदा कशाचं? इंजिनेरानं गेल्या साली टेपा घालून बघितल्या त्याच दिशी सांगितलंतं, चुंबकानं पुसल्यात म्हणून. मालक, माई, सायब, तिगं बी हुती. मी दारात उभा हुतो. पोटासाटी गप बसलो गा, धोंडी."

दादा उठला. त्यानं गुंडूच्या हातातलं सोनं घेतलं, आईच्या हातात दिलं, चपला घातल्या आणि कबनूरला पाळीवर निघून गेला. वर्षभर तो माझ्याशी त्यांच्या बाजूनं भांडत होता. त्यानंतर तो माझ्याशी कधीच भांडला नाही.