मागच्या दारचा रुपया

आईची कुडी हरवली तेव्हा मी शाळेत होतो, आणि ती शोधायचं मशीन घरात आलं तेव्हा मला नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. मोत्यांच्या त्या दोन कुड्या म्हणजे आईच्या माहेरचं उरलेलं सगळं सोनं. वसईजवळ गिरीजच्या आमच्या वाडीत एक बावखल होतं, गोड्या पाण्याचं तळं. त्याच्या काठावर बसून बाजाराच्या पालकाच्या जुड्या धुताना एका कुडीची झिजलेली फिरकी सुटली. घरी येऊन डोक्यावरचा पदर काढताना तिला ते कळलं.

दर उन्हाळ्यात बावखलातला गाळ उपसून केळीच्या रांगांना घालायचा, ही आमच्याकडची रीत. त्या वर्षीही घातला. आधी गाळ चाळून बघावा, हे आमच्या घरातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही. गाळ चांगला आहे, एवढंच सगळे कौतुकानं बोलत होते. म्हणजे कुडी बावखलात असेल, नाहीतर कुठल्यातरी रांगेत. पुढे केळीही जागा बदलत गेल्या आणि सगळी वाडीच संशयित झाली.

मग आसपासचं गोडं पाणी टँकरवाल्यांनी उपसून नेलं, आमचं पाणी मचूळ झालं, केळी पिवळ्या पडायला लागल्या. बाबा आणि काकांनी घरासकट वाडी बिल्डरला दिली. पावसाआधी ताबा द्यायचा होता. मला हे अजिबात पटलं नव्हतं, पण घरात माझं ऐकतो कोण! आई तर शांतपणे भांडी पोत्यात भरत होती. तिच्या त्या शांतपणाचा मला इतका संताप यायचा, की माझा घरात पायच ठरेना.

त्यातच बोटीवर नोकरी करणारा माझा मोठा भाऊ सुट्टीवर आला. कुठल्याशा बंदरात स्वस्तात मिळालेला मेटल डिटेक्टर त्यानं गंमत म्हणून आणला होता. मी तो त्याच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला आणि आईला म्हणालो, "ताबा द्यायच्या आत तुझी कुडी काढून देतो."

"देशील तर दे," ती म्हणाली. पण संध्याकाळी डबीतली दुसरी कुडी बाहेर काढून ती पदरानं पुसत बसलेली मी पाहिली. मग मला काय विचारता? दुसऱ्या दिवशी ऑफिसात रजा टाकली.

सकाळी चहा अर्धवट टाकून मी रांगांत शिरायचो. मशीन वाजलं की खुरपं घालायचं आणि खिळा काढायचा. पुन्हा वाजलं की सोड्याच्या बाटलीचं झाकण, सायकलची कडी, कोयत्याचं तुटकं पातं, गुळगुळीत झालेली दहा पैशांची नाणी. आमच्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या केळी लावल्या की भंगार पेरलं, असा प्रश्न मला पडला. कुंपणापलीकडचे शेजारी रोज पाव आणायला जाताना थांबून विचारायचे, "काय रे, फिरंग्यांचा खजिना मिळाला काय?" मी वैतागून म्हणायचो, "मिळाला की पहिला तुम्हालाच सांगतो." भाऊ ओट्यावर आंबा चोखत म्हणायचा, "सोड ना आता." पण मला सोडवत नव्हतं. जेवायला बसलं तरी कानात तो आवाज असायचा. ताबा चार दिवसांवर आला होता आणि निम्मी वाडी अजून तशीच होती.

बावखलाकडून चिडून परत येताना मशीन चालूच राहिलं होतं. मागच्या दाराशी, तगरीच्या बुंध्याजवळ, ते एकदम स्वच्छ, खणखणीत वाजलं. लोखंडाचा आवाज एव्हाना मला झोपेतही ओळखता आला असता. हा तो नव्हता. मी गुडघ्यांवर बसलो आणि दोन्ही हातांनी माती उकरायला लागलो. पण हाताला कुडी लागली नाही, लागला काळा पडलेला राणीछाप रुपया.

"खनू नको तिथं!" आई दारातून ओरडली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. ती धावत येऊन माझ्या शेजारी बसली.

"तुझी नाळ आहे इथं. दादा तुझा हॉस्पिटलात झाला. तुला तेव्हा पन दम नव्हता. टांगा बोलवायला मानूस गेला, तोवर तू बाहेर. तुझ्या आजीनं हळदकुंकू लावून हा रुपया पुरला. पोरगा कुठं पन गेला तरी घरी परत यावा म्हनून."

मी रुपया हातात धरून बसलो. परत यायचं तर कुठे, हे तिला विचारावंसं वाटलं, पण तिचा चेहरा बघून धीर झाला नाही. इतके दिवस शांत असलेली माझी आई रडत होती.

"ठेव परत," ती म्हणाली.

"अगं, इथं बिल्डिंग उभी राहणार. खड्डा खणतील."

"ठेव."

मी ठेवला. ती उठून आत गेली आणि डबी घेऊन आली. काय करतेय हे कळायच्या आत तिनं उरलेली कुडी त्या रुपयावर ठेवली.

"आई, सोनं आहे ते!"

"दुसरी हितंच र्‍हायली. मंग ही एकटी नेऊन मी काय करू?"

माती लोटायला तिनं हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी मीच माती लोटली. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता आणि रडूही येत होतं.

आम्ही वसईत फ्लॅटवर राहायला गेलो. ताबा दिला त्या सकाळी कुणाला न सांगता मी मशीन घेऊन वाडीत परत आलो. तगर आधीच तोडली होती. बुंध्याशी नेल्याबरोबर मशीन वाजलं, ज्या आवाजासाठी मी वाडीभर भटकलो होतो त्याच आवाजात. खुरपं पिशवीत होतं. मी ते काढलं नाही. मशीन बंद करून तिथेच उभा राहिलो.

भरावाचा डंपर वाडीत शिरला होता. मी बाजूला व्हावं म्हणून ड्रायव्हर हॉर्न देत होता. मला बाजूला व्हायला बराच वेळ लागला.