शाई मागून पुढे आली

तिचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. पाणी भरायचं, आईसाठी भाकरी दुधात कुस्करून ठेवायची आणि दोन बस बदलून आठच्या आत हॉलवर यायचं. आईला खालचे दात उरले नव्हते. नव्या कवळीसाठी या तीन महिन्यांचं मानधन लागणार होतं. हे तिनं पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, कारण मी विचारलं होतं.

मी निवृत्त सुतार. मुलांच्या कलावर्गासाठी फळ्या, पट्ट्या, स्टुलं नीट करून देतो. ती इंटर्न होती. आमच्या काळी याला उमेदवारी म्हणत आणि पहिलं वर्ष झाडू मारण्यात जाई. तिचं काम नोंदी ठेवायचं होतं. कोणत्या मुलानं काय काढलं, किती वेळ लागला, मधे किती वेळा उठलं, सगळं वहीत. मुलं तिला नोंदताई म्हणायची. काम चोख होतं. एक मुलगा अर्धा तास नुसता ब्रश धूत बसला, तर तेही तिनं लिहिलं.

प्रदर्शनाला पाच दिवस राहिले तेव्हा तिनं शहाऐंशी चित्रांच्या मागे क्रमांक टाकले. जाड काळ्या मार्करनं. कागद स्वस्तातला, पातळ. मी शेजारीच पट्ट्या कापत होतो आणि मान वर केली नाही, ही माझी चूक. लाकडावर खूण पेन्सिलनं करतात, हे मी चाळीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं आहे.

दुपारपर्यंत शाई पुढे आली. समुद्रात एकोणीस. आजीच्या गालावर बावन्न, तेही उलटं.

मुलांना आधी कळलं. एकाला वाटलं त्र्याहत्तर गुण मिळाले, तो खूश. एकीला चार मिळाले होते. ती रडायला लागली.

"क्रमांक आहे गं तो," नोंदताई म्हणाली.

"मग मला पहिला दे," एकसष्टवाला म्हणाला.

वर्गाच्या मॅडम आल्या, पाहिलं, खुर्चीत बसल्या.

"फोटो आहेत ना तुझ्याकडे? संगणकावर डाग पुस. छापील प्रती लावू."

"आणि खरी चित्रं?"

"कपाटात."

"मॅडम, मुलांना विचारते. ज्याचं त्याला ठरवू दे."

"शहाऐंशी मुलांना? पाच दिवसांत?" मॅडम म्हणाल्या. "विचार. पण भिंत रिकामी दिसली, तर मानधनाचं मला विचारायचं नाही."

प्रती छापणं एका संध्याकाळचं काम होतं. पैसे हातात आले असते. तिनं वही उघडली आणि पहिल्या मुलाला हाक मारली. मी म्हटलं, "पोरी, आईचा विचार कर." ती म्हणाली, "काका, खराब मी केली आहेत." मी पुन्हा पट्ट्या कापायला लागलो.

चार दिवस तेच चाललं. बहुतेकांनी डाग तसाच ठेवला. काहींनी आकड्यावर रंग चढवला. एकानं आठाला मिशा काढल्या. प्रत्येकाचं म्हणणं तिनं चित्राखालच्या चिठ्ठीवर लिहिलं, शब्द न बदलता. शेवटच्या दुपारी पंच्याऐंशी झाली.

उरली ती सात वर्षांची. सगळे तिला वकीलबाई म्हणत, कारण तिच्याशी कोणी वादात टिकत नसे. तिच्या फिक्या निळ्या आभाळात सत्तेचाळीस होतं.

"मी नवीन काढीन. पण तूही बसायचं."

"मी कशाला? मला चित्र येत नाही."

"मला किती वेळ लागला होता?"

नोंदताईनं वही पाहिली. "एक तास चाळीस मिनिटं."

"मग तेवढा वेळ. फोटो काढायचा नाही. उठायचंही नाही."

भिंतीवर अजून तीस चित्रं चढवायची होती. नोंदताई बसली. ती चित्रं मी चढवली, आणि माझे गुडघे तो दिवस अजून विसरलेले नाहीत. त्या दोघी समोरासमोर. नोंदताईनं झाड काढलं. खोडलं. पुन्हा काढलं. घाम पुसला. एकदा उठायला गेली, तर समोरून नुसती भुवई वर झाली. ती परत बसली.

वेळ संपला तसा वकीलबाईनं तिचा कागद ओढून घेतला.

"झाडाला मान नसते."

"दिसली मला."

"बरं." तिनं पेन्सिल मागितली आणि मागे लिहिलं: नोंदताई, वय बावीस, एक तास चाळीस मिनिटं, एकदा उठत होती.

प्रदर्शनात सत्त्याऐंशी चित्रं लागली. लोक आधी चिठ्ठ्या वाचत, मग चित्राकडे पाहत. बक्षीस देणारे कोणी आले नव्हते. चार आकडा मिळालेल्या मुलीनं तो खुर्ची करून टाकला होता आणि वर स्वतःला बसवलं होतं. मॅडम तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या. मान असलेल्या झाडाकडे पाहून, "हे कोणाचं?" एवढंच त्यांनी विचारलं. भिंतीवर रिकामी जागा शोधली. नव्हती. मानधन दुसऱ्या दिवशी पूर्ण दिलं.

त्यातून आईची खालची कवळी आली. पहिल्या दिवशी हिरडीला टोचली, दंतवैद्यानं घासून दिली. दुसऱ्या खेपेला पुन्हा घासली. तिसऱ्या दिवशी आईनं कोरडी भाकरी मोडली, चावली, गिळली आणि लेकीला म्हणाली, "मीठ कमी झालंय."