मास्तरांचा अंदाज

रंगाच्या दुकानात शेड जुळवून देणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. भिंतीचा सुटलेला पोपडा कोणी कागदात गुंडाळून आणला, की मास्तर तो उजेडात धरत, एक डोळा बारीक करत आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात पिवळ्याचे चार, काळ्याचा एक असे थेंब सोडत. काठीने ढवळून पुठ्ठ्यावर फराटा मारला की गिऱ्हाईक खूश. मालकाने रंग मिसळायचं मशीन आणलं होतं. मास्तर त्याला 'जावईबापू' म्हणत, कारण ते कोपऱ्यात नुसतं बसून असायचं आणि त्याची बडदास्त मात्र रोज ठेवावी लागायची.

असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी विझत गेला. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यावरची गाठ काढावी लागली होती. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण ग्रंथी काही पुन्हा पहिल्यासारखी कामाला लागली नाही. पुरुषाला उमेद देणारं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक अंगात तयार करायचा निरोपच तिच्याकडून जाईना. मास्तर दुकानात स्टुलावर बसत आणि ढवळता ढवळता हात थांबे. घरी आले की भिंतीकडे तोंड करून पडत. मुलीने दुसऱ्या शहरातून फोन करून नोकरी लागल्याचं सांगितलं, तेव्हा आपल्याला आनंद व्हायला हवा एवढं त्यांना कळलं; झाला मात्र नाही. एकावन्नाव्या वर्षी लोक म्हणत, ''वय झालं आता.'' लोकांचं काय जातं म्हणायला!

बायको एका शाळेच्या ऑफिसात होती. शेकडो पोरांच्या हजेरीत जिची चूक कधी सापडली नाही, तिला नवऱ्याची ही गैरहजेरी कशी चालेल? तिने त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दोन वेगवेगळ्या दिवशी सकाळी रक्त तपासलं, दोन्ही आकडे तळाला. इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ''अजून मूल हवंय का? या औषधाने वीर्यातले शुक्राणू कमी होतात, म्हणून आधीच विचारते.''

''अहो, आम्ही आता नातवंडांची वाट बघतोय,'' बायको म्हणाली, आणि मास्तर कित्येक महिन्यांनी ओठांच्या कोपऱ्यातून हसले.

प्रोस्टेटची तपासणी झाली. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, असं ठरलं. दवाखान्यातल्या नर्सने बायकोला सगळं शिकवलं: अँप्यूल, म्हणजे औषधाची काचेची कुपी, हातात धरून कोमट करायची म्हणजे आतलं तेल पातळ होतं, दर वेळी सुई नवी, एकदा उजव्या कुल्ल्यात तर पुढच्या वेळी डाव्या, आणि औषध सावकाश आत सोडायचं. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत. डॉक्टरीणबाईंनी शेवटी बजावलं, ''बरं वाटतंय म्हणून वाढवायचं नाही, वाटत नाही म्हणूनही नाही. मला येऊन सांगायचं. आणि रक्ताची तपासणी चुकवायची नाही. या औषधाने रक्त दाट होऊ शकतं, आणि दाट रक्ताची गुठळी कुठे जाऊन अडकेल त्याचा नेम नसतो.''

दुसऱ्या महिन्यात मास्तर जिन्यावर शीळ घालत वर आले. बायको स्वयंपाकघरात होती, तिने गॅस बंद केला आणि नुसती ऐकत उभी राहिली. पुढे एका रविवारी दोघं बाजारात गेली ती दोन तासांनी हातात हात घालून परतली, खरेदी काहीच न करता. तिसऱ्या महिन्यातली रक्ताची तपासणी उत्तम आली. सगळं सुरळीत झालं म्हणायचं.

पण एक गोष्ट मास्तरांनी पोटातच ठेवली. इंजेक्शननंतर दोन आठवडे बरे जायचे आणि तिसरा आठवडा उतरणीला लागायचा. हात जड, मन जड, बायकोवर विनाकारण डाफरणं. हे डॉक्टरीणबाईंना सांगायला पाच मिनिटं लागली असती. मास्तर घाबरले. सांगितलं आणि त्या म्हणाल्या, 'हे औषध तुम्हाला मानवत नाही, बंद करू,' तर? पुन्हा ती भिंत.

मग त्यांनी आयुष्यभर जे केलं तेच केलं. रंग फिका वाटला की काय करायचं? थेंब वाढवायचा. दूरच्या एका औषधाच्या दुकानातून त्यांनी जुनी चिठ्ठी दाखवून अँप्यूल आणल्या. बायको तीन आठवड्यांनी रविवारी इंजेक्शन द्यायची ते द्यायचीच. मधल्या एका शनिवारी दुकानाच्या मागच्या खोलीत, टर्पेंटाइनच्या डब्यांआड बसून मास्तर स्वतःच मांडीत टोचून घेऊ लागले. आधी अर्धीच अँप्यूल घ्यायचा विचार होता. पण फोडलेली ठेवता येत नाही आणि उरलेलं टाकायचं जिवावर आलं, म्हणून अख्खीच घेतली. अशी हिशेबी माणसंच मोठे घोटाळे करतात.

तीन महिने झकास गेले. मास्तर रंगाची पिंपं एकट्याने उचलू लागले. सहाव्या महिन्याची तपासणी आली, तेव्हा म्हणाले, ''दुकानात गर्दी आहे, पुढच्या महिन्यात बघू.'' डोकं दुखायचं, तो टर्पेंटाइनचा वास. रात्री घोरणं वाढलं, ती नवी उशी. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं.

एक दिवस नेहमीचा पेंटर फिकट गुलाबी न्यायला आला आणि मास्तरांकडे बघतच राहिला. ''मास्तर, गुलाबी मी मागितलाय. तुम्ही का लावून बसलात?''

दुकानातले सगळे हसले. मास्तरही हसले आणि मागे जाऊन आरशात पाहिलं. लाल रंगाच्या चाळीस छटा नुसत्या नजरेने ओळखणारा हा माणूस, आणि स्वतःचा चेहरा विटेसारखा झालेला त्याला दिसला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पेंटरची गाठ संध्याकाळी बायकोशी पडली, आणि दुसऱ्या सकाळी मास्तर रक्त देऊन आले.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. ''रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण सत्तावन्न टक्के झालंय. चोपन्नच्या वर मी औषध चालू ठेवत नाही. ब्लडप्रेशरही वाढलंय.'' मग त्यांनी वर पाहिलं. ''तीन आठवड्यांनी एकच घेताय ना?''

''एकच,'' बायको ताठ बसून म्हणाली. ''मी स्वतः देते. कॅलेंडरवर खूण करते. एक दिवस इकडचा तिकडे नाही.''

''मग एवढं कशाने वाढलं? या डोसला एवढं वाढणं मला पटत नाही.''

बायकोचा ताठ कणा हळूहळू वाकला. तिने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. ''माझ्याकडूनच काही चुकलं का हो?'' ती बारीक आवाजात म्हणाली. ''मागच्या वेळी लाइट गेली होती. मी नीट पाहूनच भरलं होतं... की जास्त गेलं? माझ्या हातून यांना काही झालं असतं तर?''

मास्तरांना गप्प बसता आलं असतं. तिच्या चुकीखाली सगळं झाकून गेलं असतं आणि घरी नव्या खुणा करत ती जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली असती. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, हे खरं. पण काही वेळा ते दुसऱ्याच्या अंगणात फुटतं. ती अजून स्वतःच्या हातांकडेच बघत होती, ते त्यांना बघवेना.

''तिचं काही चुकलेलं नाही,'' मास्तर म्हणाले. ''मीच घेत होतो. मधल्या शनिवारी. दुकानात. लपून.''

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. ती उठून जाईल असं त्यांना वाटलं. गेली नाही.

''का?'' डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

''तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा तसाच होतो. तुम्ही बंद कराल अशी भीती वाटली.''

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. ''अहो मास्तर, तीन आठवड्यांच्या अंतराने अनेकांना असं होतं. औषध आधी एकदम चढतं, शेवटी तळाला जातं. त्याला उपाय आहे. थोडं थोडं, दर आठवड्याला. मला कळलं असतं तर पहिल्याच तक्रारीला बदलून दिलं असतं.''

तोंडात मारल्यासारखा मास्तरांचा चेहरा झाला. तीन महिने ज्या गोष्टीसाठी ते चोरासारखे वागले, ती मागितल्याबरोबर मिळाली असती.

पण आधी औषध थांबवावं लागलं. रक्ताचा दाटपणा उतरेपर्यंत नऊ आठवडे गेले. ज्या भिंतीची भीती होती, तिच्याकडे तोंड करून मास्तर पुन्हा पडले. बायको चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी चहा घेऊन आली आणि पलंगाच्या काठावर बसली. ''मला राग औषधाचा नाही आला,'' ती म्हणाली. ''मी तिथे शपथेवर सांगितल्यासारखं बोलत होते आणि तुम्ही ऐकत होतात.'' मग ती रडली. मास्तरांना रडू आलं नाही, येतच नव्हतं त्या दिवसांत. त्यांनी तिचा हात तेवढा धरून ठेवला.

दहाव्या आठवड्यात रक्ताचा आकडा सत्तेचाळीसवर उतरला. चिठ्ठीवर आता छोटा डोस होता, दर रविवारचा, आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बायकोने हात धुतले, अँप्यूल तळहातात कोमट केली, औषध उजेडात धरून दोनदा पाहून सिरिंजमध्ये भरलं. मास्तर पालथे झाले.

''थांबा. आधी सांगा, आठवडा कसा गेला?''

''बरा.''

''बरा म्हणजे? मी काय डॉक्टरांना 'बरा' सांगू?''

मास्तर उठून बसले. ''सोमवारी जिना चढताना दोनदा थांबलो,'' ते म्हणाले. ''मंगळवारी गिऱ्हाइकावर खेकसलो, मग मागच्या खोलीत जाऊन बसलो. फार एकटं वाटलं. तुला फोन करणार होतो, केला नाही.''

''का नाही केलात?''

''घाबरलो.''

''आणि बुधवारी?'' बायको म्हणाली. तिने सुईवर टोपण बसवलं, सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि त्यांच्या शेजारी पाय वर घेऊन बसली.