आमच्या घरी किलो मागत नाहीत

आज सकाळी पालघरच्या बाजारात भाजीवाली हसली. "आजी, बटाटे अर्धा-अर्धा किलो दोनदा कशाला? सरळ किलोभर घ्या ना."

मंडळी, ही सवय आईची. साठच्या दशकात केळव्याला माझी बहीण दिवस भरायच्या आत जन्मली. शेर जाऊन किलो नुकताच आला होता. वाण्याने तराजू घरी आणून बाळाला तोललं. किलोचं पारडं हललंच नाही.

आई म्हणाली, "नव्या वजनाचा भरवसा नाय. जुना शेर लावा."

शेर किलोहून जरा हलका. बाळाचं पारडं खाली बसलं, आणि आई केवढी हसली! त्याच आठवड्यात बाळ गेलं. आईने पुढे कधीच किलो मागितला नाही.

आत्ता बटाट्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेय. बहीण याहून हलकी होती. तुम्ही कधी किलोभर वजन असं मांडीवर घेतलंय?