मामाची फेरपरीक्षा

माझ्या मामाला बस डेपोत कुणी नावाने हाक मारत नाही. ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपमधले मिस्त्री, सगळे त्याला ‘निबंध’ म्हणतात. ‘निबंध आला का?’, ‘निबंधाची गाडी आधी धुवायला घ्या’, असं तिथे सर्रास चालतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी शाळेत भाषा शिकवते, आणि माझ्याच सख्ख्या मामाची अशी टर उडवलेली मी कशी खपवून घेणार? मामा म्हणाला की खरं बोलणाऱ्यांवर चिडून काय मिळणार, आणि गाडी काढायला निघून गेला.

हे नाव पडलं बिघाडाच्या चिठ्ठीमुळे. फेरी संपवून डेपोत परतलं की ड्रायव्हरने गाडीत काय बिघडलंय ते चिठ्ठीवर लिहायचं आणि ती वर्कशॉपच्या खिडकीत टाकायची. त्यासाठी चिठ्ठीवर एकच ओळ छापलेली आहे. बाकीच्यांना तीसुद्धा जास्त होते. ‘आवाज येतो’, ‘गाडी ओढते’, ‘बघणे’. कसला आवाज, कुठल्या बाजूला ओढते, काय बघणे, हे मिस्त्रींनी ओळखायचं. मामाला मात्र ती ओळ कधीच पुरली नाही. तो कोपऱ्यात ‘मागे पाहा’ लिहून चिठ्ठी उलटायचा, आणि मागची बाजूही भरली की खिशातला कुठला तरी कागद टाचणीने जोडायचा.

त्यातली एक चिठ्ठी मी वाचलेली आहे. ‘गाडी भरलेली असताना, चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, मागच्या डाव्या चाकापाशी टिकटिक आवाज येतो. उतारावर येत नाही. रिकाम्या गाडीत येत नाही. चाकाचा नट ढिला नसून पत्र्याचा कोपरा टायरला घासत असावा असे वाटते, पण माझी चूक असू शकते.’ इथपर्यंत फर्स्ट क्लास. इथे थांबला असता तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचले असते. पण पुढे, मागच्या सीटवर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनाही तो आवाज ऐकू आला होता, त्या मुलीकडे निघाल्या होत्या आणि मुलीने नवीन घर घेतलं होतं, हेही सगळं होतं. हेडमिस्त्री अशा चिठ्ठ्या चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवायचे आणि सगळं वर्कशॉप पोट धरून हसायचं. हसून झालं की ते स्वतः उठून गाडी बघायला जायचे. मामाने लिहिलं तेच खरंच बिघडलेलं असायचं.

मामा बावन्न वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या डाव्या गुडघ्याने मान टाकली. दिवसभर क्लच दाबून दाबून गुडघ्याची वाटी झिजली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की फार तर आणखी एक वर्ष गाडी चालवा, नंतर नाही. डेपोत अशा ड्रायव्हरला फाटकावर बसवतात. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, बस्स. काम वाईट नाही, पण एकतीस वर्षं माणसं वाहून नेणाऱ्या माणसाला ते खुर्चीत पुरून ठेवल्यासारखंच होतं. मामी सांगायची की तो हल्ली जेवताना बोलत नाही. मामा बोलत नाही म्हणजे काहीतरी गंभीर आहे हे आम्हाला वेगळं सांगायला नको होतं.

त्याच सुमारास डेपोत ती ब्रेकची भानगड झाली. एका ड्रायव्हरने चिठ्ठीवर लिहिलं, ‘ब्रेक जास्त लागतो’. त्याला म्हणायचं होतं की गाडी थांबवायला ब्रेक जास्त दाबावा लागतो. मिस्त्रीने वाचलं की ब्रेक प्रमाणाबाहेर पकडतो, आणि त्याने तो होता त्याहून सैल करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शेडमधून निघाली ती थेट डेपोच्या भिंतीला जाऊन टेकली. नशिबाने आत कुणी नव्हतं आणि ड्रायव्हरला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण चौकशी बसली. मॅनेजरबाईंनी मागच्या वर्षभराच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या आणि तीन दिवस बसून त्या स्वतः वाचल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी मामाला केबिनमध्ये बोलावलं. मामाला वाटलं, कागद वाया घालवतो म्हणून आता कानउघाडणी होणार. बाईंनी त्याला बसायला सांगितलं. त्यांचं म्हणणं असं होतं की चारशे ड्रायव्हरांत गाडीला काय झालंय हे कागदावर सांगता येणारा माणूस एकच निघाला. नव्या ड्रायव्हरांना शिकवणाऱ्या प्रशिक्षकाची जागा रिकामी होणार होती आणि ती त्यांना मामालाच द्यायची होती. अडचण एकच होती. त्या जागेला शालान्त परीक्षेचा दाखला लागतो, आणि मामा शालान्त परीक्षेत नापास होता.

कशात नापास? भाषेत. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बाकी सगळे विषय सुटले, गणितसुद्धा, पण भाषेच्या पेपरात मामाने पहिला प्रश्न म्हणून निबंध घेतला आणि तीन तास निबंधच लिहिला. घंटा झाली तेव्हा व्याकरण, पत्र, उतारा, सगळं कोरं. चार महिन्यांनी फेरपरीक्षा होती, तिला तो बसला नाही आणि गॅरेजात कामाला लागला. माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, आजही चारचौघांत सांगते की दादाला अभ्यासाचा आळस होता. मामा कधी प्रतिवाद करत नाही.

आता पस्तीस वर्षांनी तो तोच पेपर द्यायला बसणार होता, आणि शिकवणार होते मी. पास झाला तर प्रशिक्षक, नापास झाला तर फाटक. मधलं काही नव्हतं.

रोज ड्यूटी संपली की तो आमच्याकडे यायचा, पाय स्टुलावर ठेवायचा आणि मला ‘बाई’ म्हणायला लागायचा. पहिल्या दिवशी मी त्याला रजेचा अर्ज लिहायला दिला. दहा ओळींचा अर्ज, त्याने साडेतीन पानं लिहिली. गुडघा पहिल्यांदा कधी दुखला, तेव्हा पाऊस होता की ऊन, डॉक्टरांच्या दवाखान्याचा जिना किती अरुंद, सगळं. मी लाल पेन घेतलं आणि तीन पानं उभी कापली. वर्गात मी अशीच आहे, मला फाफटपसारा सहन होत नाही. पण मामाचा चेहरा उतरलेला पाहिला आणि मलाच कसंतरी झालं.

“यातलं खोटं काय होतं?” त्याने विचारलं.

“खोटं काहीच नव्हतं. पण खरं आहे म्हणून सगळंच लिहायचं नसतं, मामा. साहेबाला फक्त रजा किती दिवस हवी ते कळायला हवं.”

तो चहा न पिताच गेला. मला वाटलं, आता येत नाही हा. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला हजर. रात्रभर विचार केला म्हणाला. मग म्हणाला, “म्हणजे रस्त्यात हात करील त्या प्रत्येकासाठी गाडी थांबवायची नाही. थांब्यावरच थांबवायची.”

मी बी. एड. ला दोन वर्षं घालवली, पण कुणाला इतक्या सोप्या शब्दांत हे सांगता आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ते जसंच्या तसं माझ्या वर्गात सांगितलं, अर्थातच स्वतःच्या नावावर.

त्यानंतर गाडी रुळावर आली. मामा अर्ज दहा ओळींत बसवायला लागला. विरामचिन्हांवर त्याचा जीव जडला, विशेषतः अर्धविरामावर. बिघाडाच्या चिठ्ठ्याही आटल्या. हेडमिस्त्रींनी तर निरोप पाठवला की निबंधाची तब्येत बरी आहे ना, चिठ्ठीची मागची बाजू हल्ली कोरी येते. कामाचं सगळं तिच्यात असतं म्हणे, फक्त चहाच्या वेळी वाचायला काही उरत नाही. मी मात्र त्याला बजावून ठेवलं होतं की पेपरात निबंध शेवटी घ्यायचा, आधी बाकी सगळं संपवायचं, आणि निबंध वीस ओळींच्या खाली गेला तर परीक्षक गुण कापतात हे विसरायचं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी शाळेतून अर्धी सुट्टी टाकून केंद्रावर गेले. त्याच्या पोरांपेक्षाही लहान मुलांच्या घोळक्यातून तो लंगडत बाहेर आला. सगळं सोडवलं म्हणाला. पत्र, उतारा, व्याकरण, एकही प्रश्न सोडला नाही. मग निबंध? तो शेवटी घेतला, तू सांगितलंस तसा. आणि?

“बाराच मिनिटं उरली होती. सहा ओळी लिहिल्या.”

मी भर रस्त्यात त्याच्यावर तोंडसुख घेतलं. आयुष्यभर ज्याच्यापायी नाव बदनाम झालं, तो निबंध हा माणूस नेमका आजच सहा ओळींत उरकतो? पंधरा गुणांचा प्रश्न, त्याला तीन गुण मिळाले तरी पुष्कळ. विषय काय होता, काय लिहिलंस, असं मी विचारलंसुद्धा नाही, इतकी चिडले होते. त्याने मला रिक्षात बसवून दिलं. पुढचा दीड महिना मी मनातल्या मनात बेरजा करत होते. पत्राचे इतके धरले, व्याकरणाचे इतके, तर काठावर सुटेल का?

तो एकसष्ट गुणांनी सुटला. मॅनेजरबाईंनी आठवड्याभरात ऑर्डर काढली. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी तो मामीला घेऊन आमच्याकडे आला. बऱ्याच महिन्यांनी तो जेवताना बोलत होता, आणि आई नेहमीप्रमाणे त्याची फिरकी घेत होती. बोलता बोलता तिने विचारलं की दादा, या खेपेला निबंधाचा विषय तरी काय होता?

“शाळेतला शेवटचा दिवस,” मामा म्हणाला.

मग आमच्या बाईंना एकदा म्हणून दाखव की, असं आईचं टुमणं सुरू झालं. मामाने आधी टाळलं. मामीने डोळे वटारले तेव्हा त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि वर्गात उभं केल्यासारखा सरळ बसून म्हणून दाखवला.

“शाळेतला माझा शेवटचा दिवस कोणता, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. निकाल लागला तेव्हा वडील अंथरुणाला खिळले होते. घरातून एकालाच शाळेत पाठवणे जमणार होते, आणि माझी बहीण माझ्यापेक्षा हुशार होती. मी घरी सांगितले की मला अभ्यासाचा कंटाळा आला. ती शिकली, आणि पुढे तिची मुलगीही शिकली. त्या मुलीनेच मला थोडक्यात लिहायला शिकवले.”

मी लाल पेनवाली बाई. त्यात कापण्यासारखा एक शब्द मला सापडला नाही, आणि रस्त्यात जे बोलले होते त्याची इतकी लाज वाटली की मी ताटातून मान वर करू शकले नाही. आईचा घास हातातच राहिला होता.

“आणि मी तुला जन्मभर आळशी म्हणत आले, दादा,” ती म्हणाली.

“आळशी होतोच गं,” मामा म्हणाला. “फेरपरीक्षेला पस्तीस वर्षं लावली.”