सांता सरांचं बिशपशी भांडण

सतराशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या एका ख्रिस्ती बिशपशी आमच्या कुडवा गावात बसून भांडणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमचे सांता सर. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ते पी.टी. शिकवायचे, मी मराठी. अंगानं इतके वाळके की शिट्टी फुंकली तरी स्वतःच हलायचे. तरी नाताळात सांता तेच व्हायचे, कारण झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत त्यांची ओळख होती आणि पोशाख फुकटात यायचा.

पोशाख म्हणजे राजाचा लाल अंगरखा आणि ऋषीची दाढी. पहिल्याच वर्षी मुलं रांगेनं त्यांच्या पाया पडली. सरांनीही डोक्यावर हात ठेवून ‘आयुष्मान भव’ म्हटलं आणि पोत्यातून घरचे मुरमुऱ्याचे लाडू वाटले. केरळहून आलेल्या आमच्या प्रिन्सिपल सिस्टर कपाळाला हात लावून बसल्या.

मग सिस्टरांनी त्यांना खरी हकिगत सांगितली. हा सांता मुळात निकोलस नावाचा बिशप. एका गरीब बापाच्या तीन पोरींची लग्नं हुंड्यावाचून अडली, तेव्हा त्यानं गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या टाकल्या. तेव्हापासून त्याचं नाव जगभर. सरांनाही तीन मुली. ते स्टाफरूममध्ये येऊन तणतणले, “संत कायचा गा हा? पोरीच्या बापाले सोनं देऊन राहिला. नवरदेवाच्या कानाखाली काऊन नाही वाजवली?” पुढे दरवर्षी दाढी चिकटवताना ते हा राग नव्यानं काढायचे.

थोरलीला पाहायला तिरोड्याकडचे पाहुणे आले ते नेमके नाताळच्या कार्यक्रमाच्या दिवशी, सांगितल्या वेळेच्या तीन तास आधी. सर तसेच अंगरख्यात मोपेडवरून घरी निघाले. मागे मी, एका हातात पोतं, दुसऱ्यात दाढी. पोरगी पाहुण्यांना पसंत पडली. मुलाचे वडील हसत म्हणाले, “तुमी तं सांता आहात ना? मंग आमच्या पोराले एक मोटारसायकल काढा थैलीतून.”

सरांनी पोतं उघडलं आणि एक लाडू काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. “घ्या. हट्ट करणाऱ्या लेकराले इथं हेच भेटते.”

स्थळ तिथंच मोडलं. वहिनी महिनाभर सरांशी बोलल्या नाहीत. गोष्ट चार गावांत पोचली आणि पुढची दोन वर्षं त्यांच्या दारी कुणी फिरकलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत सर माझ्याजवळ येऊन बसले. “बिशपानं पोरी उजवल्या तं. म्या माह्यी घरी बसवली. त्या दिवशी पोरगी आत रडून राहिली होती गा. चुकलो का मी?” एरवी मला बोलायला शब्द कमी पडत नाहीत. त्या दिवशी मी चहा मागवला. भेकडपणाच तो, दुसरं काय.

थोरली शिकली, ग्रामसेविका झाली, दरेकसाकडे नोकरीला लागली. तिचं लग्न व्हायच्या आधीच सर गेले. तेरवीला न राहवून मी तिला त्यांचा तो प्रश्न सांगितला.

ती म्हणाली, “काका, मी दाराआडून पाहून राहिली होती. मले तं नाचावं वाटलं होतं. पण आई रडली, म्हणून मी बी रडली. बाबाले ते खरं वाटलं का?”