उठवू नकोस

दवाखान्यात नवी सिस्टर आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला नाव पडलं, चिमणी. अंगानं काडी, आवाज त्याहून बारीक, पण चालणं असं की कुठं आग लागलीय जणू. "नव्याचे नऊ दिवस," थोरल्या सिस्टर म्हणायच्या. त्यांचा जन्म इथंच गेला होता, त्यांना कशाचंच नवल उरलं नव्हतं. पण चिमणीचे नऊ दिवस काही संपेचनात. बाळंतपण झालं की ती रोज त्या घरी पायी जायची, बाळाची नाळ बघायची, सासवांचे टोमणे खायची आणि हसत परत यायची.

टेकाडावरच्या घरातल्या सुनेचं बाळंतपण तिनं पहिल्यांदाच एकटीनं केलं होतं. थोरल्या रजेवर, डॉक्टर मीटिंगला, आणि पोरगी आली ती थेट चिमणीच्या हातात, टाहो फोडत. त्या दिवशी फोनवर ती आईला इतकं सांगत सुटली, की आईच म्हणाली, "अगं, जरा श्वास घे!" खोटं कशाला बोला, ती पोरगी तिला थोडी आपलीच वाटायला लागली होती.

पुढं एका दुपारी ती त्या घरी गेली तेव्हा पार दमलेली होती. आधीच्या घरांतल्या बाळांनी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. इथं मात्र सगळं शांत. बाळंतीण भिंतीला टेकून पेंगत होती.

"किती गुणी आहे बघा, सिस्टर," ती कौतुकानं म्हणाली. "कालपासून रडणं नाही की दुधासाठी कुरकुर नाही. नुसती झोपून असते."

चिमणीनं दुपट्यात डोकावलं. इवलंसं तोंड, मिटलेले डोळे. तिला हसूच आलं. "नशीबवान आहेस बाई! बाळ झोपलंय तर झोपू दे, उठवू नकोस. तूही जरा पाठ टेक."

अहो, हीच चिमणी तोंडी परीक्षेत पहिली आली होती! तान्हं रडत नाही, दूध ओढत नाही म्हणजे धोका; दुपटं सोडायचं, अंग चाचपायचं, ताप बघायचा. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं. पण पुस्तकात अशा बाळाला कुणी 'गुणी' म्हणत नाही ना! शब्द गोड होता, ती भुलली. दुपटं काही तिनं सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाप पोरीला छातीशी धरून दवाखान्यात धावत आला, तेव्हा ती गार पडत चालली होती. मोठ्या दवाखान्याकडे निघालेली गाडी अर्ध्या वाटेवरूनच परत आली.

थोरल्यांनी चिमणीला औषधांच्या खोलीत ओढलं. "जंतुसंसर्ग होता. तू बघितलं असतंस तरी वाचली असती कशावरून? झाकली मूठ सव्वा लाखाची. तोंड उघडलंस तर नोकरी जाईल, वर मार खाशील तो वेगळाच."

चिमणीलाही गप्पच बसायचं होतं. सामान भरून आईकडे पळून जायचं होतं.

तरी संध्याकाळी ती टेकाड चढली. दारातच सासूचा आवाज आला, "घोरत पडली होती महामाया! पोरगी मरत होती आणि हिला झोप प्यारी!"

बाळंतीण कोपऱ्यात बसली होती. अंगावरचं दूध कपड्यांतून झिरपत होतं. चिमणीला बघताच ती धडपडत उठली. "सिस्टर, तुम्हीच सांगा यांना. तुम्हीच म्हणालात ना?"

चिमणी सासूसमोर जाऊन उभी राहिली. मग कसंबसं म्हणाली, "हो. उठवू नकोस, तू झोप, असं मीच सांगितलं. दुपटंसुद्धा सोडून बघितलं नाही मी. चूक माझी आहे, हिची नाही."

बाप उठून बाहेर निघून गेला. कुणीतरी शिव्या द्याव्यात, हात उगारावा, एकदाचं काय ते होऊन जावं, असं चिमणीला झालं होतं.

बाळंतीण मात्र तिच्याकडे बघतही नव्हती. ओल्या कपड्यावर तळहात दाबून ती हळूच म्हणाली, "पण रात्री दूध दाटलं होतं. मला उठवावंसं वाटलं होतं हो, सिस्टर."